पायाळूची उसण

शिवकांता पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून येताना तिनं आधी पाय बाहेर काढले होते. यात तिचं काही कर्तृत्व नव्हतं, पण गावाला ते पटत नव्हतं. पायाळूची टाच लागली की पाठीतली उसण जाते, असं देवणीपासून उदगीरपर्यंत सगळा मुलूख मानतो. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा मन्मथला बायको आली याच्यापेक्षा गावाला पाय आला याचाच आनंद लोकांना जास्त झाला. तिची सासू सिद्धम्मा तर पहिल्या दिवसापासून त्या पायाची मालकीणच होऊन बसली. कुणाची पाठ धरली, कंबर गेली, मान लचकली की माणसं येऊन सिद्धम्माला विचारायची. शिवकांताला विचारायची पद्धतच नव्हती.

त्यात हा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, शेतात करायला काही उरलं नाही, आणि सगळं गाव पाझर तलावाच्या रोजगार हमीवर माती उपसायला जाऊ लागलं. दिवसभर पाट्या उचलून गावातली एकही पाठ धड राहिली नव्हती. संध्याकाळी शिवकांता कामावरून येई तो ओट्यावर माणसं पाठी उघड्या टाकून रांगेनं बसलेली. दिवसभर ज्यांच्या बरोबरीनं माती वाहायची त्यांनाच संध्याकाळी लाथा मारायच्या. हात धुवायची सोय नव्हती, चहाचं तर नावच नको.

"आत्याबाई, जरा बसू द्या की," ती म्हणायची.

"बसायचं काय हाय त्यात? पाय तर उचलायचाय," सिद्धम्मा म्हणायची. "आलेल्या मानसाला परत लावलं तर पायातला गुण जातो."

"गेला तर बरंच हाय."

"थुंक मेले, थुंक."

शिवकांता थुंकायची आणि पाय उचलायची. उजव्या टाचेनं पाठीवर तीनदा. मुकादम नरसिंग आला की ती जरा जोरातच मारायची. दिवसभर तो तिच्या पाटीत आणखी दोन फावडी माती टाकायला लावायचा, ती तिथं फिटायची. नरसिंग विव्हळत उठायचा आणि म्हणायचा, "लई गुण हाय हिच्या पायात."

तलावाच्या कामावर एक पत्र्याचा फलक होता. त्यावर आधी उस्मानाबाद जिल्हा लिहिलेलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा रंगारी आला आणि वरून पांढरा हात मारून लातूर लिहून गेला. उन्हानं वरचा रंग उडाला आणि आता दोन्ही जिल्हे एकमेकांत घुसून काहीच वाचता येत नव्हतं. जिल्हा जवळ आला म्हणून उदगीरला पेढे वाटले होते म्हणतात. या गावापर्यंत पेढा आला नाही आणि पाणीही आलं नाही.

त्या फलकाखालीच शिवकांताला पहिल्यांदा झालं. डोक्यावर पाटी होती, बांधाचा चढ अर्धा झाला होता. दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणी मूठ रोवून पिळावं तसं दुखू लागलं. ते दुखणं गळ्याशी आलं, खालच्या जबड्यात उतरलं. दाढा ठणकायला लागल्या. माघाचा गार वारा सुटला होता आणि तिच्या अंगातून घाम निथळत होता. पोटात ढवळून आलं. तिनं पाटी टाकली आणि तिथंच मातीत बसली.

मागून येणाऱ्या हाजराबीनं आपली पाटी उतरवली. हाजराबी म्हणजे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर असलेल्या रियाजची आई. तिच्या घराची भिंत शिवकांताच्या घराला लागूनच होती.

"क्या हुआ गे? तोंड देख तुझं, राखेसारखं होऊन राहिलं."

"पाठीत पीळ पडून राहिलाय हाजराबी. दाढ बी दुखून राहिली."

नरसिंग मुकादम वर आला. त्यानं विचारलं काय झालं, आणि पाठ हा शब्द ऐकताच त्याला हसू फुटलं.

"घ्या! पायाळूलाच उसण भरली की ओ!"

सगळा बांध हसला. बाया पाट्या डोक्यावर घेऊन हसल्या. दुष्काळात हसायला फारसं मिळत नाही, त्यामुळे जे मिळालं ते त्यांनी पुरवून पुरवून हसून घेतलं. शिवकांताच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि नरसिंग बापे-बायांना विचारत होता, हिला आता लाथ कोण मारणार?

तासाभरानं जरा कमी झालं. हाजराबीनं धरून घरी आणलं तोवर ही गंमत घरी पोचलेली होती. सिद्धम्मा काळजीत होती, पण तिची काळजी वेगळी होती.

"गावात दुसरं पायाळू न्हाई," ती लेकाला म्हणाली. "मनमथा, नागम्माकडं न्यावं लागंल हिला. सीमेकडच्या गावात हाय बघ, म्हातारी पायाळू."

भिंतीला टेकलेली शिवकांता म्हणाली, "ही उसण न्हाई."

तिच्याकडं कुणी बघितलं नाही. तिनं पुन्हा जोरात सांगितलं.

"आवं, ही उसण न्हाई म्हनते मी! उसण एका जागी असती. श्वास घेतला की टोचती, वाकलं की धरती. टाच ठेवली की खाली गाठ लागती. हे एका जागी न्हाईच. पाठीतून जबड्यात जातंय, हातात जातंय. दम लागून राहिलाय. मला उदगीरला दवाखान्यात न्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सिद्धम्मा म्हणाली.

आख्ख्या मुलखातल्या पाठी तिच्या टाचेखालून गेल्या होत्या. दुसरं काही नसेल कळत, उसण तरी तिलाच कळत होती.

"मला न्हाई कळत तर कुणाला कळतंय आत्याबाई?"

"पायाळूला सोताची उसण कळत नसती," सिद्धम्मानं सांगितलं. हा नियम तिनं त्याच क्षणी बनवला होता, पण असा ठासून सांगितला की मन्मथनं मान डोलावली.

मन्मथ वाईट माणूस नव्हता. एवढंच होतं की आई आणि बायको दोन्हीकडून बोलल्या की तो उठून बैलांकडं जायचा. आताही तो गोठ्यात गेला. देवणीची खोंडं होती, कडब्याच्या चार काड्यांवर हाडं राहिलेली. उदगीर लांब, एसटी सकाळीच निघून गेलेली. "बैलांत तेवढा दम न्हाई," तो म्हणाला. "नागम्माचं गाव जवळ हाय. तिथवर जातील."

"पन उदगीर इकडं हाय अन् नागम्मा तिकडं!" शिवकांता ओरडली. ओरडल्यावर तिला पुन्हा दम लागला आणि सिद्धम्मा म्हणाली, बघ, बोलू नको, उसण हलती.

गाडीत गोधडी टाकून तिला निजवलं. वाट सगळी दगडांची. सिद्धम्मा उशाशी बसून सारखी विचारत होती, दुखतंय का, आणि शिवकांता हो म्हणाली की म्हणत होती, आता जाईल बघ. शिवकांताला आपल्या आईची आठवण आली. आई चाळिशी उलटायच्या आतच गेली होती. भाकरी थापता थापता "पाठीत भरून आलं" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपली तेव्हा माणसं आत धावली. उसण भरून मेली असंच सगळे म्हणायचे. शिवकांताही इतकी वर्षं तेच म्हणत आली होती. उसण भरून माणूस मरतं का, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. गाडीच्या खुंटाला बांधलेल्या कंदिलाकडं बघत तिनं आज विचारलं.

नागम्मा ऐंशीच्या घरातली. ओट्यावर काठी घेऊन बसली होती. "बा तंगी, बा," म्हणत तिनं शिवकांताला कानडीतून जवळ बोलावलं आणि समोर पाठमोरं बसवलं. पण म्हातारीला एका पायावर उभं राहता येईना. मग मन्मथनं एक दंड धरला, नागम्माच्या सुनेनं दुसरा, आणि सिद्धम्मानं स्वतः खाली वाकून नागम्माची टाच उचलून शिवकांताच्या पाठीला लावली. तीन वेळा लावायची ती म्हातारी डुलली म्हणून चार वेळा लागली. भेगाळलेली टाच लुगड्याला अडकत होती. शिवकांताला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खाली बसणाऱ्या माणसाला हे कसं वाटत असेल.

आणि दुखणं कमी झालं.

खरं तर गाडीत पडल्या पडल्याच ते उतरत गेलं होतं. अंग निवांत पडलं, चढ नव्हता, पाटी नव्हती. "मघाशी गाडीतच कमी झालं होतं," शिवकांता सांगत होती. ते कोण ऐकतं! सिद्धम्माचा चेहरा उजळला होता. मन्मथनं नागम्माच्या पाया पडून घेतलं. परत येताना सिद्धम्मा वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती, दवाखाना दवाखाना करत होती, एका टाचेत गेली की नाही?

दुसऱ्या दिवशी शिवकांता कामावर गेली नाही एवढीच तिला सवलत मिळाली. संध्याकाळी ओट्यावर पाठी येऊन बसल्या तेव्हा तिनं पाय उचलला आणि धाप लागली म्हणून भिंत धरून मारला. पाठीवाल्या बाईनं वळून विचारलं, आज हळू का लागलं?

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. टँकर आला की गावात माणुसकी संपते. रियाजनं विहिरीच्या काठाला टँकर लावून जाड पाइप आत सोडला, पाणी विहिरीत पडायला लागलं आणि चारी काठांवरून पोहरे खाली सुटले. शिवकांता पोहरा ओढत होती. अर्ध्यावर आलेला पोहरा तिच्या हातून सुटला. दोर सरसर खाली गेला आणि ती काठावरच्या दगडाला मिठी मारून बसली. या वेळी पाठीतली मूठ छातीवरून फिरून डाव्या हातात उतरली. ती ओकली. ओकून झाल्यावर तिनं समोर आलेल्या मन्मथचा सदरा धरला.

"मला मारायचं आसंल तर नागम्माकडं न्या," ती म्हणाली. "जगवायचं आसंल तर उदगीरला न्या. आताच्या आता."

मन्मथनं बैलांकडं जायला पाऊल उचललं, पण सदरा तिच्या मुठीत होता. पहिल्यांदाच त्याला उभं राहून तिच्याकडं बघावं लागलं. त्यानं बघितलं आणि तो घाबरला.

"रियाज!" तो ओरडला. "टँकर काढ!"

"आन पानी?" काठावरची एक बाई ओरडली.

"पानी ओतल्याबिगर टँकर हलायचा न्हाई!" दुसरी ओरडली. तिच्यामागं सगळा काठ ओरडला. नरसिंग म्हणाला, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, उसणीनं कुणी मरत नाही. शिवकांता दगडाला टेकून त्या सगळ्यांकडं बघत होती. यातली एकही पाठ अशी नव्हती जी तिच्या टाचेखालून गेली नव्हती. तिला रडू आलं नाही, संताप आला. पण संतापायलाही दम लागतो आणि तोच नव्हता.

हाजराबीनं आपली भरलेली घागर उचलली आणि सगळ्यांच्या देखत ओतून टाकली. दुष्काळात भरली घागर ओतलेली कुणी बघितली नव्हती.

"हिच्या लाता खाताना ग्वाड लागल्या ना गे तुम्हाला?" ती म्हणाली. "अन् आता घागरी म्होरं करून राहिल्या? शरम हाय का न्हाई? रियाज, बंद कर पानी!"

रियाजनं चावी फिरवली, पाइप ओढून घेतला. "उरलेलं सांजच्याला आनून वततो," एवढं म्हणून त्यानं शिवकांताला केबिनमध्ये चढवलं. सिद्धम्मा पुढं बसली. मन्मथ मागं शिडीला लटकला. अर्ध्या भरलेल्या टँकरमध्ये पाणी रस्ताभर डचमळत होतं आणि शिवकांताच्या जिभेला कोरड पडली होती.

उदगीरच्या दवाखान्यात रांग होती. मन्मथ कंपाउंडरला म्हणाला, "छातीत दुखून राहिलंय, पाठीतून हातात चाललंय." कंपाउंडर तरतरीत माणूस. छाती म्हणताच तो रांग मोडून पुढं आला, त्यानं सिद्धम्माचा दंड धरला, तिला आत नेलं आणि खाटेवर आडवंसुद्धा केलं.

"मी न्हाई, मी न्हाई!" सिद्धम्मा ओरडायला लागली.

"घाबरू नका आजी, पडून राहा."

"आरं मेल्या, माझी सून हाय पेशंट! ती भाईर बसलीय!"

बाहेरच्या बाकावर शिवकांताची मान एका बाजूला पडली होती. कंपाउंडरनं वळून बघितलं. एवढ्या तरण्या बाईच्या छातीत काय असणार, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सिद्धम्मानं ते बघितलं. तेच तोंड गेले दोन दिवस आपलंही होतं, हे तिला तिथं खाटेवर पडल्या पडल्या कळलं असेल की नाही, सांगता येत नाही. ती खाली उतरली आणि तिनं सुनेला काखेत हात घालून स्वतः आत आणलं.

डॉक्टरांनी तारा लावायला गळ्यातला चांदीचा करडा, म्हणजे लिंगाची डबी, काढायला सांगितला. आत लिंगायतांचं इष्टलिंग, ते अंगावेगळं करता येत नाही. एरवी सिद्धम्मानं दवाखाना डोक्यावर घेतला असता. आज तिनं करडा छातीवरून उचलून शिवकांताच्या उजव्या मुठीत दिला, दोरा गळ्यात तसाच ठेवला, आणि मूठ आपल्या हातानं मिटली.

कागदाची पट्टी यंत्रातून निघाली. डॉक्टरांनी ती एकदा बघितली, पुन्हा बघितली.

"वय किती?"

"चौतीस," मन्मथ म्हणाला.

"हार्ट अटॅक आहे. दुखणं कधीपासून?"

"परवापासून."

"मग परवापासून काय करत होता तुम्ही?"

मन्मथ खरं बोलणारा माणूस होता. "लाथा मारून आनल्या साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते शिवकांताच्या खाटेशी गेले. जिभेखाली गोळी ठेवली, सुई दिली. मग शिवकांतालाच विचारलं, मिश्री लावते का? दिवसातून चारदा लावत होती. बाळंतपणात पाय सुजले होते का, रक्तदाब वाढला होता का? दाब कुणी बघितला नव्हता, पण शेवटच्या खेपेला पाय खांबासारखे झाले होते, झटके आले होते आणि मूल गेलं होतं. घरात कुणी तरुणपणी गेलं का? शिवकांतानं मूठ घट्ट केली.

"माय," ती म्हणाली. "उसण भरून."

"पन हा तर म्हाताऱ्या मानसांचा रोग साहेब," सिद्धम्मा हळू म्हणाली. "शेठ लोकांचा."

"बाई, बायकांना हे असंच येतं," डॉक्टर वैतागून म्हणाले. "छातीऐवजी पाठ दुखते, जबडा दुखतो, ओकारी होते, घाम सुटतो. घरचे पित्त म्हणतात, उसण म्हणतात. तरुण बाईचं तर कुणी ऐकतच नाही. ती स्वतः काय म्हणत होती?"

सिद्धम्मानं सुनेच्या गळ्यातला दोरा सारखा केला. दवाखान्याची गाडी लातूरला निघाली तेव्हा मन्मथ पुढं बसला. जिल्हा नवा होऊन त्यांच्या घराला उपयोग झाला तो एवढाच. उस्मानाबादपर्यंत ती पोचली नसती.

ती जगली. परत आली तेव्हा अंगावर मांस नव्हतं आणि पिशवीत गोळ्या होत्या. पाटी उचलायची नाही, पोहरा ओढायचा नाही, मिश्री बंद. गावानं यातलं एकच विचारलं, लाथ चालते का? सिद्धम्मानं ओट्यावरच्या रांगेला हात जोडून सांगितलं, न्हाई चालत. रांग कुरकुरत गेली. नरसिंग म्हणाला, दवाखान्यानं चांगला पाय खराब केला.

एका सकाळी हाजराबी सुनेला घेऊन आली. शहजादी, रियाजची बायको. पोरगी तिशीचीही नव्हती. ओट्यावर येऊन ती पाठ करून बसली.

"एवढी एक लाथ मार गे," हाजराबी म्हणाली. "हिची उसण हाय. तू मला नको म्हनू नको. तुझ्यासाठी मी घागर वतली होती."

शिवकांताला नाही म्हणता येईना. तिनं भिंत धरून पाय उचलला. टाच पाठीला लावली. शहजादीचं पोलकं घामानं चिंब होतं आणि ऊन अजून ओट्यावर आलेलं नव्हतं. टाचेखाली गाठ लागली नाही.

"कुठं दुखून राहिलंय?"

"समदीकडं भाभी. इथं, इथं. अन् दाढा."

शिवकांतानं पाय खाली घेतला. "उसण आसंल, नसंल बी," ती म्हणाली. "मी न्हाई मारनार. हाजराबी, हिला उदगीरला न्या."

"रियाज तर टँकर घेऊन गेला. एसटी बी गेली. आता कशात नेऊ गे?" हाजराबी रडकुंडीला आली. "कमी होतंय का बघू की उद्यापातूर."

दारातून सिद्धम्माचा आवाज आला.

"मनमथा, बैल जुंप. उदगीर."

"आई, बैलांत दम न्हाई," मन्मथ म्हणाला.

"बैलाचं मला सांगू नको! पोरीत दम न्हाई ते बघ आधी."

शिवकांता सासूकडं बघत राहिली. बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात तिडीक गेली, अशी की डॉक्टरांनी बघितलं असतं तर रागावले असते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हाच शब्द त्या दिवशी तोंडातून निघाला आसता तर?"

सिद्धम्मानं घरातून गोधडी आणली आणि गाडीत अंथरली. चारही कोपरे ओढून सारखे केले. मग पाठमोरीच म्हणाली, "न्हाई ऐकलं त्या दिवशी. मला काय म्हायत, तू खरं बोलून राहिलीस ते." तिनं गोधडीवरची काडी झटकली. "आता ऐकून राहिले की. जा, घरात पड जा. तुला सांगितलंय ना पडून राहायला?"

शिवकांता घरात गेली नाही. तिनं शहजादीला गाडीत निजवलं, हाजराबीला बाजूला बसवलं आणि चाकाला पाय लावून सावकाश स्वतः वर चढली.

"तू कुठं निघालीस?" मन्मथनं कासरा धरल्या धरल्या विचारलं.

"कुनीतरी सांगायला नको का, पेशंट कोनती ते?" शिवकांता म्हणाली. "न्हाईतर हाजराबीला धरून झोपवतील, अन् ही बसंल बाकावर."